खताची गाडी

वारज्यात आमच्या इमारतीपासून थोडं पुढे, मोठ्या रस्त्याच्या कडेला, थंडी पडली की एक टेम्पो येऊन उभा राहतो. मागच्या फळीला पुठ्ठा बांधलेला असतो आणि त्यावर लाल रंगात लिहिलेलं असतं, 'हुरडा मिळेल.' कणसं नसतात. ज्वारीचे कोवळे दाणे आधीच काढून पारदर्शक पिशव्यांत भरलेले असतात. घरी न्यायचे, तव्यावर परतायचे आणि खायचे. सोबत लसणाच्या चटणीची पुडी, तीही प्लास्टिकची. यंदा मी तिथे थांबलो, दाणे पाहिले आणि पुढे गेलो. असं दोन-तीनदा झाल्यावर टेम्पोवाला म्हणाला, "काका, बघायचे पैसे घेत नाही आपण. पण कधीतरी घ्यासुद्धा."

घरी आल्यावर बायकोनं, सुधानं, विचारलं, "आणला का?"

"नाही."

"बरं केलंत. पिशवीतूनच आणायचं तर मटार आणा, स्वस्त पडतील."

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ एकच भांडं विसळत राहिली. माझ्या मनात जे आलं होतं ते तिच्याही मनात आलं असणार. जगताप सर गेल्यानंतरचा हा पहिला हिवाळा.

हडपसरच्या ज्या शाळेत मी मराठी शिकवत होतो तिथे ते भूगोल शिकवायचे. त्यांचं गाव हडपसरच्याही पुढे, एका उघड्या टेकडीच्या पायथ्याशी. वडिलोपार्जित जमीन, कालव्याचं पाणी, स्वतःची विहीर. सकाळी शेतात दारं धरून, पिकाला पाणी देऊन, मग सायकलवर ते शाळेत यायचे. त्यामुळे त्यांच्या पँटच्या काठाला चिखलाची रेघ असायची आणि बाहीला खडूची. नकाशा काढताना पट्टी वापरायचे नाहीत. फळ्यावर एका हातानं सबंध सह्याद्री वरून खाली उतरवत आणायचे आणि मुलांना म्हणायचे, "पाणी कुठं जाणार हे विचारायचं नसतं. उतार कुठं आहे ते बघायचं."

पौषातल्या एका रविवारी आम्ही शिक्षक मंडळी त्यांच्या शेतावर हुरड्याला जायचो. बसनं फाट्यापर्यंत, तिथून कालव्याच्या कडेनं चालत. पाण्यावर धुकं बसलेलं असायचं आणि बोलताना आमच्या तोंडूनही वाफ निघायची. शेतात खड्डा करून त्यात गोवऱ्या पेटवलेल्या असायच्या. त्या खड्ड्याला आगटी म्हणतात हे माझ्यासारख्या पेठेत वाढलेल्या माणसाला तिथेच कळलं. निखाऱ्यात कणीस खुपसायचं, भाजलं की बाहेर काढून तळहातावर चोळायचं, फुंकर मारून भूस उडवायचं आणि गरम हिरवे दाणे दुसऱ्याच्या ओंजळीत ओतायचे. स्वतःच्या नाही. आपलं आपण चोळून खाल्लं तर हुरडा गोड लागत नाही, असं वहिनी म्हणायच्या. वहिनी म्हणजे सरांच्या पत्नी. डोक्यावरचा पदर सावरत त्या चटणी वाढायच्या आणि कोण किती खातो यावर त्यांचं बारीक लक्ष असायचं. "लिमये सर, तुम्ही खाताय का मोजताय?" असं एकदा त्यांनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं.

पण हुरड्याच्याही आधी पाणी. विहिरीवर मोटार होती, तरी पिण्याचं पाणी सर पोहऱ्यानंच काढायचे. आल्या आल्या प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचे आणि तांब्या पुढे करायचे. "आधी पाणी. मग काय ती शाळा." कडाक्याच्या थंडीतही ते पाणी कोमट लागायचं. त्याची चव मला सांगता येणार नाही. जन्मभर मराठी शिकवून त्या चवीला शब्द सापडला नाही. पाण्याला चव नसते, असं आमच्या विज्ञानाच्या बाई सांगायच्या आणि दुसरा तांब्या मागायच्या.

हे सगळे हिवाळे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणत्या वर्षी कोण आलं होतं, कोणाला खोकला झाला होता, काही वेगळं काढता येत नाही. एक हिवाळा मात्र त्यांच्यातून बाजूला निघून उभा राहतो.

तो समजायचा तर आधी सरांच्या वडिलांची एक सवय सांगायला हवी. ते बैलगाडी घेऊन पुण्यात यायचे आणि शहराचा कचरा भरून शेतात न्यायचे. तेव्हाचं शहर जे टाकायचं ते मुळात मातीतूनच आलेलं असायचं. भाजीची देठं, चुलीतली राख, लग्नातल्या पत्रावळी, गोठ्यातलं शेण, फुटकी मडकी. वर्षभर खड्ड्यात कुजवलं की त्याचं काळं भुसभुशीत खत व्हायचं. आजूबाजूच्या गावांतले सगळेच मळेवाले ते न्यायचे. गाडी लवकर भरून मिळावी म्हणून तिथल्या मुकादमाला भाजीचा वाटा नेऊन द्यायचे. सर लहानपणी त्या गाडीवर बसून पुणं बघायला यायचे. शनिवारवाडा त्यांनी पहिल्यांदा पाहिला तो कचऱ्याच्या गाडीवरून, असं ते हसत सांगायचे. त्यांच्या लेखी शहराची घाण ही भाग्यानं मिळणारी वस्तू होती.

म्हणून जेव्हा बातमी आली की टेकडीवरच्या जुन्या दगडखाणींत आता शहराचा कचरा आणून टाकणार आणि तिथेच त्याचं खत करणार, तेव्हा सर खूश झाले. देवळाच्या मंडपात गावाची सभा भरली. सरांचे चुलतभाऊ बाबूराव तेवढे विरोधात उभे राहिले. त्यांचा मुद्दा एकच होता, आणि तो त्यांनी उभ्या उभ्या सांगितला. "पुण्याची माणसं फुकट काय देत न्हाईत. देतायत म्हंजी त्यात काय तरी खोट हाय." लोक हसले. मग सर उठले. वडिलांची बैलगाडी, ते काळं खत, त्यावर आलेलं वांग्याचं पीक, सगळं त्यांनी सांगितलं. मास्तर सांगतोय म्हटल्यावर गावानं मान डोलावली. खरं म्हणजे गावानं नाही म्हटलं असतं तरी ट्रक थांबले असते असं मला वाटत नाही. निर्णय कुठेतरी टेबलावर आधीच झाला होता. गावाला फक्त विचारल्यासारखं केलं होतं. पण विचारल्यावर हो म्हणणारा माणूस जगताप सर होते, एवढं खरं.

ट्रक सुरू झाले तो तोच हिवाळा. सरांनी एका ड्रायव्हरला थांबवलं, त्याला चहा पाजला आणि एक गाडी आपल्याच शेतात, पुढे कांदा लावायचा होता त्या रिकाम्या तुकड्यावर, ओतायला लावली. नंतरच्या रविवारी आम्ही हुरड्याला गेलो तेव्हा तो ढीग तिथे होता. आत काहीतरी कुजत असल्यामुळे गारठ्यात त्याच्यातून वाफ निघत होती. एकीकडे आगटीचा धूर आणि दुसरीकडे ती वाफ, दोन्ही सरळ वर जात होती, कारण वारा अजिबात नव्हता. सर त्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाले, "पुढच्या वर्षी ह्याच्यावरचा हुरडा खाल. मग सांगा."

वहिनी काठीनं ढिगाच्या कडेला उकरत होत्या. काठीच्या टोकाला एक निळी पिशवी लागली. ती त्यांनी आमच्यासमोर धरली. "ह्ये कुजतं का ओ?"

"कुजेल की," सर म्हणाले. "वेळ लागेल."

आम्ही सगळे शिकलेले लोक तिथे होतो. विज्ञानाच्या बाई होत्या. कोणी काही बोललं नाही, कारण तोपर्यंत आमच्यापैकी कोणीही पिशवी टाकल्यानंतर तिचं काय होतं याचा विचार केला नव्हता. तिला आमच्या घरात येऊनच थोडी वर्षं झाली होती. तिचं हलकं असणं, भाजीवाल्यानं ती न मागता देणं, पावसात पुस्तक तिच्यात गुंडाळता येणं, याचं आम्हाला अजून कौतुक होतं.

त्या तुकड्यावर कांदा लावला गेला, पण काढताना मजूर बायकांचे हात कापले. काचा, पत्रे, दाढीची पाती, इंजेक्शनच्या सुया, घड्याळातले सेल. सरांनी नांगर घातला तसं ते सगळं आणखी खोल गेलं आणि पुढच्या नांगरटीला पुन्हा वर आलं. मग ते सुट्टीच्या दिवशी पाटी घेऊन एकेक वेचायला बसायचे. दुसऱ्या वर्षी आम्ही गेलो तेव्हा आमचं स्वागत करून ते पुन्हा वेचत बसले, जसं कोणी गप्पा मारता मारता तांदूळ निवडतं. बाबूराव बांधावरून जाताना थांबले. "मास्तर, खत कसं लागलं?" सर हसले. तो प्रश्न बाबूराव पुढे दर हंगामात विचारत राहिले आणि सर दर वेळी हसत राहिले. हसण्याची तऱ्हा तेवढी बदलत गेली.

टेकडीवर खाणी भरल्या, मग त्यांच्यावर ढीग चढले, मग ढिगांची दुसरी टेकडी झाली. वारा सुटला की पिशव्या उडत शेतात यायच्या आणि ज्वारीच्या कणसांना अडकायच्या. लांबून पाहिलं तर पांढरे पक्षी बसलेत असं वाटायचं. वहिनी त्या काढायच्या आणि त्यांच्यावरची नावं वाचायच्या. पुण्यात त्या क्वचितच आल्या असतील, पण लक्ष्मी रस्त्यावरची साड्यांची दुकानं, तुळशीबागेतली दुकानं, मिठाईवाले, औषधवाले, सगळे त्यांना पाठ होते. एकदा त्यांनी सुधाला विचारलं, "ताई, ते चौकातलं साड्यांचं दुकान बंद पडलं का ओ? लई दिवसात त्याची पिशवी आली न्हाई."

सुधा त्या दुकानाची जुनी गिऱ्हाईक. ती म्हणाली, "बंद नाही पडलं. त्यांनी आता जाड पिशवी काढलीय. उडत नसेल."

आणखी एक प्रसंग आठवतो. आमच्या घरात शिस्त अशी की सहलीला गेलं तर आपला कचरा तिथे टाकायचा नाही, परत आणायचा. सुधा याबाबत कडक. हुरडा झाल्यावर तिनं आम्ही नेलेल्या फरसाणाच्या पुड्या, कागदी कप, मुलांच्या चॉकलेटचे कागद, सगळं एका पिशवीत भरलं, गाठ मारली आणि पिशवी घरी न्यायला बाजूला ठेवली. वहिनींनी ते पाहिलं आणि त्यांना हसूच आवरेना. पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या. "न्या ताई, न्या. तुमच्या कुंडीत टाका. परवापत्तर फिरून येतंय हितंच. तेवढंच बिचाऱ्याला पुणं बघून हुईल." सुधाही हसली. पिशवी मात्र तिनं तिथे ठेवली नाही, घरी आणली, आणि घरी आल्यावर ती दोन दिवस ओट्याखाली तशीच पडून होती. टाकायची कुठे हे आम्हा दोघांना ठरवता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती तिथे नव्हती. मी विचारलं नाही.

सर भूगोलाच्या तासाला मुलांना नदीचा नकाशा काढायला लावायचे, उगमापासून मुखापर्यंत. पुढे पुढे त्यांनी बिस्किटाच्या पुड्याचा नकाशा काढायला लावणं सुरू केलं. कारखान्यापासून दुकान, दुकानापासून घर, घरापासून कुंडी. मुलं कुंडीपाशी थांबायची. "पुढं?" सर विचारायचे. मुलं म्हणायची, "पुढं काही नाही सर. संपलं." मग ते पुड्याच्या मागचं छोटं चित्र दाखवायचे, ज्यात एक माणूस वाकून कुंडीत कागद टाकतो. "कंपनीनंही चित्र इथपर्यंतच काढलंय," ते म्हणायचे. "ज्यानं हा कागद तयार केला त्याच्या दारात तो कधी परत जात नाही. गिऱ्हाइकाला वाकायला शिकवलं की त्याचं काम झालं." हे ते रागानं म्हणत नसत. फळ्यावर नदी दाखवताना जो आवाज असायचा त्याच आवाजात म्हणायचे.

आणि मग पाणी. उतार कुठं आहे ते बघायचं, असं सांगणाऱ्या माणसाला ते आधीच दिसलं असणार. टेकडी वर, विहीर खाली. ढिगांत मुरलेलं पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून उतरत होतं. तरी एका हिवाळ्यात नेहमीसारखा गूळ आमच्या हातावर ठेवून त्यांनी पोहरा सोडला. वर आलं ते पाणी कोऱ्या चहासारखं होतं आणि त्यावर तेलकट इंद्रधनुष्य होतं. आम्ही सगळे बघत होतो. सरांनी पोहरा बांधावर ओतला, पुन्हा सोडला, पुन्हा ओतला. मग वहिनी घरात जाऊन टँकरच्या पाण्याची कळशी घेऊन आल्या आणि तांब्यात ओतू लागल्या. आम्ही ते प्यायलो. हातावरचा गूळ चिकट झाला होता. "आधी पाणी" हे शब्द त्यांच्या तोंडून मी त्यानंतर ऐकले नाहीत. तरी दर उन्हाळ्यात ते विहिरीत माणसं उतरवून गाळ काढायचे. पाटीपाटीनं काळा चिखल वर यायचा. पाणी आणि माती दोन्ही धुतली की निवळतात, यावर त्यांचा विश्वास होता.

नंतर एक कंपनी आली. ढिगाचं खत आणि वीज करणार होती. निळ्या छपराची मोठी शेड उभी राहिली, फीत कापली गेली, गावातल्या काही मुलांना पिवळ्या टोप्या मिळाल्या. यंत्र थोडे दिवस चाललं, मग बिघडलं, मग बंदच राहिलं. शेवटी त्यांनी ढिगावर माती पसरून वर हिरवळ लावली आणि बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना ती हिरवळ दाखवू लागले. गावात पिण्याच्या पाण्याचं यंत्रही त्यांनीच बसवलं. नाणं टाकलं की पाणी. त्यावर कंपनीचं नाव आणि एका हसऱ्या मुलीचं चित्र. सरांनी ते यंत्र मला नेऊन दाखवलं. "बघा लिमये सर. आमच्या विहिरीवर वडिलांचंसुद्धा नाव नव्हतं."

आम्ही दोघंही निवृत्त झालो. भेटी वर्षातून एकदा, पौषात. हुरडा आता पलीकडच्या गावातून आणलेल्या कणसांचा असायचा, कारण त्यांच्या शेतातलं ते स्वतःच खाऊ देत नसत. त्या भेटींत एक बोलणं कधीतरी निघायचंच.

"मी त्या सभेत गप्प बसलो असतो तर."

"तरी ट्रक आलेच असते, सर."

"आले असते. पण मग ते मी आणलेले नसते."

मी सगळे युक्तिवाद करून पाहिले. तुमच्या वडिलांच्या काळचा कचरा वेगळा होता. तुम्हाला दिलेलं आश्वासन खोटं होतं. ज्यांनी टाकलं ते आम्ही, ज्यांनी टाकायला लावलं ते कारभारी, ज्यांनी हे असलं न कुजणारं सामान तयार करून त्यावर नफा मिळवला त्या कंपन्या. यात तुम्ही कुठे बसता? सर ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "तुमची वाक्यरचना बरोबर आहे, सर. पण मला सांगून काय उपयोग? मला पटलं तरी गावाला काय? गावाला एवढंच माहीत आहे की मास्तरांनी गाडी बोलावली." आणि मग हसून, "बाबूराव रोज आठवण करून देतो. न विसरता. एवढं तर माझे विद्यार्थीसुद्धा करत नाहीत."

मला तेव्हाही वाटायचं आणि आता जास्त वाटतं की या सगळ्या प्रकारात जबाबदारी घेणारा माणूस एकच निघाला, आणि ती त्याची नव्हती. आमच्या इमारतीत बैठका होतात. ओला कचरा, सुका कचरा, हिरवी बादली, निळी बादली. जो तो दुसऱ्याच्या बादलीत डोकावतो. बैठकीच्या शेवटी चहा येतो कागदी कपांत. मीही त्यातलाच. घंटागाडीवर येणाऱ्या बाईंना मी एकदा विचारलं, "हा आता कुठे जातो हो?" कारण जुन्या ठिकाणी आता सगळे ट्रक जात नाहीत असं ऐकलं होतं. "लांब जातो, काका," त्या म्हणाल्या. "लांब म्हणजे?" "ते न्हाई बा माहीत. कुणाचं तरी गाव असंल."

गेल्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा सर अंथरुणावर होते. धाप लागायची, म्हणून आगटी पेटवली नव्हती. वहिनींनी चार कणसं आत गॅसवर भाजून आणली. सरांनी उशीला टेकून एक कणीस घेतलं आणि चोळू लागले. भूस पांघरुणावर पडत होतं. फुंकर मारायला दम पुरेना, तेव्हा वहिनींनी वाकून फुंकर मारली. दाणे सरांनी माझ्या ओंजळीत ओतले. मी त्यांच्यासाठी चोळायला गेलो तर म्हणाले, "नको. मला आता गिळवत नाही." त्या दिवशी गाडी बोलावल्याचा विषय त्यांनी काढला नाही. मी काढावा की काय असं वाटत राहिलं, पण खिडकीतून ती हिरवळ लावलेली टेकडी दिसत होती आणि ते तिच्याकडे पाठ करून निजले होते.

श्रावण संपता संपता ते गेले. त्या भागात दहाव्याला नदीच्या घाटावर सगळा गाव जमतो, आणि पिंडदान चालू असताना एकेक जण माईकवर येऊन चार शब्द बोलतो. खाली मुळा-मुठेचं पाणी फेस घेऊन चाललं होतं. वास होता, पण त्याची सवय असल्यासारखे सगळे बसले होते. पुढारी बोलले. सरांचे विद्यार्थी बोलले. मग कंपनीचे एक साहेब आले होते ते बोलले. स्वच्छ पांढरा शर्ट, आवाज नम्र. गुरुजींच्या स्मरणार्थ पाण्याचं आणखी एक यंत्र गावाला देऊ, त्यावर गुरुजींचं नाव घालू, असं त्यांनी जाहीर केलं. बायकांमध्ये बसलेल्या वहिनींनी मान वर केली नाही.

मग माझं नाव पुकारलं गेलं. मी चार ओळी ठरवून आलो होतो, शाळेबद्दल, नकाशांबद्दल. त्या सुचल्याच नाहीत. मी म्हणालो, "ही टेकडी जगताप सरांनी आणली असं गावात म्हणतात. ते खरं नाही. ती आमची आहे. माझ्या घरातून रोज थोडी थोडी मीच पाठवली. सरांनी बोलावलं ते खत होतं. आम्ही पाठवलं ते खत नव्हतं, आणि ते आम्हाला माहीत होतं, निदान लवकरच कळलं होतं. यंत्रावर त्यांचं नाव घालू नका. नावच लावायचं असेल तर त्या ढिगावर आमची लावा, आणि ज्यांच्या पिशव्या आहेत त्यांची."

मी माईक ठेवत होतो, इतक्यात पुढच्या रांगेतून बाबूराव बोलले. आता ते फार म्हातारे झाले आहेत, काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. आवाज चढवला नव्हता.

"बरं झालं सांगितलंसा. आमाला वाटत हुतं मालकच सापडंना. मग आता कधी नेताय?"

मी त्यांच्याकडे पाहत उभा राहिलो. ते चेष्टा करत नव्हते, भांडतही नव्हते. ते खरंच उत्तराची वाट पाहत होते. कंपनीचे साहेब घड्याळ बघत होते. कोणीतरी पुढच्या वक्त्याचं नाव घेतलं आणि मी घाटाच्या पायऱ्या चढून बाजूला आलो.

सरांच्या घरी जेवणं झाल्यावर मी निरोप घ्यायला वहिनींकडे गेलो. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी म्हणालो, "चुकलं असेल तर क्षमा करा. अशा वेळी बोलायला नको होतं."

त्यांनी मान हलवली. अंगणातल्या चपलांच्या ढिगाकडे त्यांनी पाहिलं. मग म्हणाल्या, "एवढी वर्सं झाली, सर. बाबूरावभावजींनी ह्यांना सोडून दुसऱ्या कुणाला इचारलेलं आज पयल्यांदा ऐकलं."

आणि मला बसची वेळ सांगून त्या उठल्या, कारण आत कोणीतरी त्यांना हाक मारत होतं.